चौथा ठोका

"फादर, आधीच सांगतो, हे तुम्ही खरं मानणार नाही," मी म्हणालो. "आणि मानलंत, तर माझी म्हैस मी तुमच्याकडे राखायला देणार नाही. एवढा भोळा माणूस म्हैस हरवून घरी येतो."

फादर ऑल्विन हसले आणि त्यांनी मोबाइल ओट्यावर माझ्यापुढे ठेवला. ते वसईकडचे. आमच्या खडकवाडीच्या चर्चमध्ये येऊन त्यांना सहाच महिने झाले होते. चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती, त्याची स्मरणिका काढायची होती, आणि जुन्या आठवणी गोळा करत ते भर दुपारी दारोदार फिरत होते. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आले. लुकास पाठारेकडे आठवणी नसतात, थापा असतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं असणार.

ते अगदीच खोटं नाही. प्रवरेच्या पुरात मी मगरीच्या पाठीवर बसून पैलतीर गाठला आणि उतरल्यावर तिला पेंड चारली. साखर कारखान्यात फिटर असताना एका बिबट्याची दुखरी दाढ मी पक्कडीने उपटली. हे सगळं मी सांगतो आणि लोक हसतात. पण घंटेची गोष्ट वेगळी. ती मी दरवर्षी ईस्टरच्या आधी सांगतो आणि ऐकणारे हसत नाहीत, क्रूसाची खूण करतात.

माझी बायको सलोमी उंबऱ्यात बसून दगडाने चिंच फोडत होती. ठक, ठक. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "हिच्या वडलांची गोष्ट आहे. शांतवन त्रिभुवन. घंटा वाजवायचे."

"सांगा," फादर म्हणाले. "रेकॉर्ड होतंय."

मग मी सुरू केलं.

सदुसष्ट साल. मी एकवीस वर्षांचा, कारखान्याच्या वर्कशॉपात शिकाऊ. रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचो. घंटा तेव्हाही आजच्यासारखीच चर्चच्या बाहेर, चिंचेखाली, दोन दगडी खांबांच्या मधे टांगलेली. परदेशातून बोटीने आलेली. तिच्या पोटात नारळाएवढ्या गोळ्याचा लोखंडी लोलक. शांतवनकाका दिवसातून तीनदा तिचा दोर ओढायचे, पहाटे, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला. तीस वर्षं. त्यांचा हात दोराकडे जायला डोक्याची परवानगी मागत नसे.

तिथेच घोटाळा झाला होता. पवित्र गुरुवारी मिस्सेच्या उपासनेत ग्लोरियाचं स्तोत्र गायलं की आमच्याकडे घंटा मुकी होते. प्रभू थडग्यातून उठेपर्यंत तिला हात लावायचा नाही. तेवढे दिवस लोकांना बोलवायला खटखटं असतं, म्हणजे हातभर फळी आणि तिच्यावर आपटणारा लाकडी ठोकळा. पण सहासष्टच्या गुड फ्रायडेला दुपारचे बारा वाजले आणि शांतवनकाकांच्या हाताने सवयीप्रमाणे घंटा वाजवली. अख्खं गाव क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेलं. माझे वडील सायमनराव, म्हणजे आमचे दादा, चर्चच्या पंचांचे पुढारी. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शांतवन, प्रभू अजून मरायचाय, तू आत्ताच उठवलास व्हय!"

गुड फ्रायडेला हसायचं नसतं. गाव हसलं. शांतवनकाका दोर हातात धरून तसेच उभे. पुढे वर्षभर त्यांना वाटेत गाठून लोक विचारायचे, "काय काका, उठला का प्रभू?"

फादर ऑल्विन हसू दाबत म्हणाले, "वाईट वाटलं असेल त्यांना."

"ते कुठं बोलून दाखवतात? पण सदुसष्टचा पवित्र आठवडा जवळ आला, तसे ते माझ्याशी बोलले. मला म्हणाले, 'लुकास, या हाताचा भरवसा राहिला नाही बघ.' मी म्हणालो, 'मग हात बांधून घाला.' हसलो आम्ही दोघं."

ठक, ठक. सलोमी चिंच फोडत होती.

त्या वर्षी शुक्रवार शांत गेला. शनिवारही. मी तर शनिवारी दिवसभर आमच्या विहिरीवर गळ टाकून बसलो होतो, बादली पडली होती आत. मला जगाची खबर नव्हती. ईस्टरची मिस्सा आमच्याकडे तेव्हा रविवारी उजाडताना व्हायची, कारण आमच्या त्या वेळच्या फादर लिंडरना चार गावं सांभाळायची असत. लोक नव्या कपड्यांत. हिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. हिचं लग्न ठरलेलं, टाकळीच्या मास्तराशी. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं पुकारतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दोन पुकारे झाले होते, तिसरा ईस्टरनंतरच्या रविवारी. टाकळीची माणसंही मिस्सेला आली होती.

फादर लिंडरनी ग्लोरिया उचललं. शांतवनकाकांनी बाहेर दोर ओढला. घंटा झुलली, आम्हाला खिडकीतून दिसली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आवाज नाही. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा. ढोलकीवरचे माझे हात थांबले. गाणारे थांबले. अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. चिंचेवरचा कावळासुद्धा मान वाकडी करून घंटेकडे बघत होता, आणि तो कावळा, फादर, फार तोंडाळ होता.

दादा बाहेर धावले, शिडी लावून वर चढले आणि तिथूनच ओरडले, "लोलक नाही! बोल्टसकट नेलाय!"

मग खाली उतरून थेट शांतवनकाकांसमोर. "काल बाजाराला गोणी पाठीवर टाकून कुठं चालला होतास?"

"बाजाराला," शांतवनकाका म्हणाले.

"गोणीत काय होतं?"

"माझंच होतं."

"काय होतं ते सांग."

काकांनी एकदा टाकळीकरांकडे पाहिलं.

"मोडीत विकलास लोलक! पोरीच्या लग्नासाठी प्रभूच्या घरचं लोखंड विकलंस!"

उंबऱ्यातून सलोमी म्हणाली, "हंडा होता गोणीत. आईचा. तो मोडून लग्नाचं कापड आणायचं होतं. टाकळीकरांसमोर बाबा कसे सांगणार?"

"ऐकलंत ना?" मी फादरना म्हणालो. "टाकळीकर मिस्सा संपायच्या आत बैलगाडीत बसले. तिसरा पुकारा झालाच नाही. पंचांनी दोर काढून घेतला, चर्चची किल्ली काढून घेतली. फादर लिंडर परदेशी, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. ते म्हणाले, 'मी कोणाला चोर म्हणणार नाही. पण खरं कळेपर्यंत नवा लोलकही आणणार नाही. तोवर घंटा गप्प राहील.' सगळे गेले, तेव्हा शांतवनकाकांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. खटखटं."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे ते दारोदार फिरायला लागले. प्रत्येक दारात तीन ठोके. खट, खट, खट. ज्यांनी त्यांना चोर म्हटलं त्यांच्याही दारात तीन. आमच्या दादांच्या दारात तीन. पहिले काही दिवस लोकांनी कुत्री सोडली अंगावर. पंधरा दिवसांत ती कुत्री त्यांच्या मागे ओळीने चालायला लागली. महिनाभरात कोंबडे आरवायचे बंद झाले, खटखटं आहे तर आपण कशाला घसा कोरडा करा म्हणून. हे मी स्वतः पाहिलंय.

फादर म्हणाले, "कोंबड्यांचं मी वगळू का?"

"तुमची मर्जी. कुत्र्यांचं ठेवा."

पण एक गोष्ट मला कळेना. मी तेव्हा घराच्या मागच्या खोलीत वेगळा झोपायचो, तिला स्वतंत्र दार होतं. त्या दारात चार ठोके पडायचे. तीन पडायचे, मग दम घेतल्यासारखं थोडं थांबायचं, आणि चौथा. मी कान देऊन मोजायचो. आधी वाटलं, चुकून झालं असेल. मग रोज. झोप उडाली माझी. त्या खोलीत ढेकूण फार झाले होते. मी खाट गोठ्यात नेली, तर दुसऱ्या दिवशी चार ठोके गोठ्याच्या दारात. मी आठ दिवस कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मित्राकडे झोपलो, अडीच कोस लांब. तिथेही पहाटे उठून बसायचो आणि मोजायचो. एक, दोन, तीन... आणि मग वाट बघायचो. वर्कशॉपात हातात कानस घेतली की कान तिकडे. तीन जॉब बिघडवले. पायजम्याची नाडी दोन बोटं आत आली. आई म्हणाली, पोराला दृष्ट लागली. जेवताना मी मधेच उठायचो, अंगणात जाऊन यायचो. कुठे गेलो होतो ते मलाच सांगता यायचं नाही.

पावसाळा असाच गेला. एके पहाटे मी ठोक्यांच्या आधीच दार उघडून उभा राहिलो. शांतवनकाका आले, डोक्यावर पोत्याची खोळ, मागे पाच कुत्री.

"काका, सगळ्यांच्या दारात तीन, माझ्याच दारात चार का?"

"तीन मिस्सेसाठी. चौथा तुझ्यासाठी."

"माझं काय आता?"

"तुझी झोप जड हाय, असं तुझी आई म्हणती."

"मला तर झोपच लागत नाही, काका."

"मग बरंय," ते म्हणाले आणि पुढच्या दारात गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. "तुम्ही पंचांपुढं बोलत का नाही? गोणीत काय होतं ते सांगून टाका ना एकदाचं. लोक काय काय बोलतात, तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. पोरीकडं बघितलं की लई येतो." त्यांनी ते दार ठोकलं. "पण क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलातापुढं प्रभू किती बोलला?"

"तो देव होता."

"म्हणून तर त्याचं एका शुक्रवारात भागलं. मला जरा जास्त लागंल."

"आणि चोर सापडलाच नाही तर?"

ते थांबले. कुत्रीही थांबली. "चोर कोण म्हणतंय? वस्तू कोणीतरी नेलीय. नेलेली वस्तू माणूस परत आणतो, लुकास. उशीर होतो कधी कधी."

फादर ऑल्विननी मान खाली घातली होती. वसईच्या माणसाच्या डोळ्यांत आमच्या नगरी उन्हाने पाणी येतं, तसं आलं असेल. मग त्यांनी विचारलं, "पण लुकासकाका, एवढा जड लोलक काढला कसा असेल कोणी?"

आता असा प्रश्न फिटरला विचारल्यावर तो गप्प बसेल का? मी म्हणालो, "त्यात काय! खांबावर चढायचं, पाना लावायचा, बोल्ट बाहेर ओढायचा, लोलक खांद्यावर. दहा मिनिटांचं काम. आणि चोर बघा कसा टापटिपीचा. लोलक काढल्यावर बोल्ट पुन्हा त्याच भोकात घातलेला, वर वॉशर, वर नट हाताने फिरवून बसवलेला. सामान हरवू नये म्हणून. चांगल्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असणार."

ठक-ठक थांबली. चिंच संपली असेल असं मला वाटलं.

"मग पुढच्या ईस्टरला काय झालं?" फादरनी विचारलं.

आता माझ्या गोष्टीचा सगळ्यांत चांगला भाग आला होता. मी मांडी बदलली.

अडुसष्ट सालचा ईस्टर. उजाडत होतं. वर्षभर मुकी असलेली घंटा बाहेर, तिला दोरही नाही. शांतवनकाका सगळ्यांत मागच्या रांगेत, खटखटं मांडीवर. शेजारी ही. त्यांच्या बाकावर तिसरं कोणी बसलेलं नव्हतं. फादर लिंडरनी हात पसरले, ग्लोरिया म्हटलं, आणि...

"आणि?"

"ठण्ण!"

फादर दचकले. मी टाळीच तशी वाजवली होती.

"ठण्ण, ठण्ण, ठण्ण! दोर नाही, लोलक नाही, खाली माणूस नाही, आणि घंटा वाजतेय! काचा थरथरल्या. पलीकडच्या वाडीतले बैल गुडघ्यांवर बसले. ज्या म्हशी आटल्या होत्या त्यांनी पान्हा सोडला. फादर लिंडर तसेच हात पसरून उभे. सगळे बाहेर धावले, तर चिंचेची पानं हलताहेत, वारा तर मुळीच नाही, आणि घंटेखाली गवतात लोलक! ओला, हिरवं शेवाळ धरलेला. देवदूताने कुठल्या पाताळातून आणला कोण जाणे. आमचे दादा, उभ्या गावाला दम भरणारा माणूस, त्यांनी पागोटं काढून शांतवनकाकांच्या पायांवर ठेवलं. 'माझी चूक झाली' म्हणाले. त्याच दिवशी दोर परत दिला. नवा बोल्ट मी स्वतः कारखान्यात बनवून आणला. आणि पुढच्या वर्षी चर्चमध्ये हिचे तीन पुकारे झाले, माझ्या नावाबरोबर. टाकळीच्या मास्तराचं नशीब फुटकं."

"आणि शांतवनकाका? चमत्कार झाला तेव्हा काय म्हणाले?"

हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. चमत्कार संपला की लोक क्रूसाची खूण करून घरी जातात.

"काही नाही म्हणाले," मी सांगितलं. "सगळे घंटेकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते. थोडे दमल्यासारखे." मग मी घाईने म्हणालो, "सत्त्याहत्तर साली वारले, फादर. शेवटपर्यंत घंटा वाजवली. पवित्र आठवड्यात मात्र खटखटं घेऊन फिरायचे, रिवाजच तो. आणि माझ्या दारात चार ठोके. जावई झालो तरी चारच. सवय दांडगी होती त्यांची. बंद करा आता ते मशीन, झाली गोष्ट."

"झाली कुठं?" सलोमी म्हणाली.

ती उठून ओट्यावर आली होती. हात चिंचेने माखलेले, तसेच. तिने फादरना मोबाइल राहू द्या अशी खूण केली आणि माझ्याकडे वळली.

"अवो, बोल्टाला वॉशर अन् नट परत लावला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळ्या गावाला..."

"सगळ्या गावानं भोक बघितलं. तुमचे दादा शिडीवर चढले अन् ओरडले, बोल्टसकट नेलाय. आत्ताच तुम्ही सांगितलं. बावन्न वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट. मगर वाढली, बिबट्या वाढला, बैल गुडघ्यावर बसले. पण बोल्ट कधी आला नव्हता. आज आला."

"अगं, गोष्टीत माणूस चार शब्द जास्तीचे..."

"ते चार शब्दच खरे हायेत. बाकीचं खोटं." तिचा आवाज चढला नाही. "फादर, सदुसष्टच्या गुड फ्रायडेला बारा वाजता माझ्या बाबांच्या हातानं पुन्हा दोर ओढला. सवयीनं. घंटा वाजली नाही. कोणाला कळलं नाही, कोणी हसलं नाही. बाबा वर चढून बघतात तर लोलक नाही, अन् बोल्ट असा नीट बसवून ठेवलेला. गावात फिटर एकच. बाबांनी बोल्ट काढून खिशात घातला. मला मरताना सांगितलं, 'पोरानं माझी फजिती वाचवली गं. बोल्ट तसाच तिथं दिसला असता तर त्याचं नाव झालं असतं.' वाटलं त्यांना, शनिवारपर्यंत हा लोलक परत बसवंल. म्हणून रविवारी सगळ्या गावादेखत बिनधोक दोर ओढला त्यांनी. तुमच्या भरवशावर."

लोलक टाकला ती विहीर चाळीस हात खोल होती आणि शनिवारी गळ दिवसभर नुसता चिखल वर आणत होता, हे मी कोणाला सांगायला हवं होतं, ते तेव्हाच मला माहीत होतं.

"अन् देवदूत?" ती म्हणाली. "त्या ईस्टरला ग्लोरियाला ढोलकी वाजली नाही. मागच्या बाकावरून मला ढोलकीच दिसत होती, नुसती, वाजवणारा नाही. गर्दीत सगळ्यांच्या मागनं आलात तुम्ही, केसांत चिंचेचा पाला, हाताला शेवाळ. बाबांना घंटा परत मिळाली. त्यांनी घंटेसाठी वाट बघितली नव्हती."

मोबाइलवरचा लाल ठिपका चालू होता.

सलोमीने कमरेची चंची सोडली. तिच्यातून काहीतरी काढलं आणि मूठ मिटून माझ्यापुढे धरली. मुठीतून काय डोकावत होतं ते ओळखायला फिटरला चष्मा लागत नाही.

"बाबांनी हे माझ्याकडं ठेवलं. म्हणाले, 'ज्याचं हाय त्याला दे. पण त्यानं मागितल्याशिवाय देऊ नको.' लग्न झाल्यापासून तुमच्या शेजारी झोपतेय मी. पहाटे तुम्ही उठून बसता अन् बोटं मोजता. तीनवर येऊन थांबता. मला वाटायचं, आज मागतील. आज नाही तर पुढच्या ईस्टरला."

मूठ तशीच होती.

"मागा," ती म्हणाली.